घोडे पुढं, बाकीचे घरात

"बाकीचे जेवायला गेलेत काय?" घार्गे डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं, आमच्याबरोबर आलेल्या माणसांविषयी विचारतायत. मी म्हणालो, "नाही, आम्ही दोघंच आलोय. मी आणि मामा."

"तुमच्या पटावरचे म्हणतोय मी."

मी पटाकडं बघितलं. बारा खेळ्या झाल्या होत्या आणि त्यातल्या नऊ मी घोड्यांच्या केल्या होत्या. माझे दोन्ही घोडे डॉक्टरांच्या मुलखात नाचत होते. मागं हत्ती, उंट, वजीर आणि राजा जिथं मांडले होते तिथंच उभे होते. प्यादी तेवढी तीन हलली होती, तीही घोड्यांना वाट हवी म्हणून.

धोंडीमामा माझ्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले होते. त्यांना बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "डॉक्टर, आमचा निवृत्ती डेपोत एक नंबर आहे. घोडा त्याच्या हातात दिला की समोरचा संपला म्हणून समजा."

"असं?" डॉक्टर म्हणाले. "मी एकतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात आहे. घोड्यांना टाके घातलेत, नाळा काढल्यात, नाकात नळी घालून औषध पाजलंय. एक सांगतो पाव्हणं, घोडा दमतो."

"लाकडाचा कुठला दमतोय!" मामा हसून म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक उंट उचलून शांतपणे पुढं ठेवला.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची, वडूजची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि कराडला एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. घार्गे काही खरे डॉक्टर नव्हते. गुरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, पण आजूबाजूच्या गावांत त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. त्यांची मुलगी शालन बालवाडीत शिकवायची. तिला बघायला आम्ही आलो होतो.

या घरची रीत वेगळी होती. मुलगा आला की डॉक्टर आधी त्याच्याशी बुद्धिबळाचा एक डाव खेळत. मुलगी नंतर. सोयरीक सुचवणाऱ्या माणसानं मला हे आधीच सांगितलं होतं. माझ्या आधी तीन मुलं येऊन गेली होती. पहिल्यानं हात लावलेली सोंगटी नियम मोडून परत ठेवली. दुसरा मुद्दाम हरला, ते डॉक्टरांच्या लगेच ध्यानात आलं. तिसरा चक्क जिंकला, आणि जिंकल्यावर चहा घेऊन आलेल्या शालनला म्हणाला, "आता जरा साखर जास्त घाला." तिघांनाही नकार गेला.

मला काळजी नव्हती. डेपोत मला हरवणारा कुणी नव्हता. शिवाय तिथं पोचल्या पोचल्या मी शालनला बघितलं होतं. आम्ही फाटकातून आत आलो तेव्हा ती दवाखान्यासमोर एका बैलाची शिंगं धरून उभी होती आणि डॉक्टर त्याच्या तोंडात बाटली ओतत होते. बैल मान हिसडत होता. ती त्याला म्हणाली, "गप की रे, झालं आता," आणि तो गप्प झाला. मला ती तिथंच पसंत पडली. त्या दिवशी मला दुसरं काही नको होतं. डाव जिंकायचा आणि हिला घेऊन जायचं, एवढंच डोक्यात होतं.

आता मी घोड्यांवर एवढा का विसंबून होतो, ते सांगायला पाहिजे. आमच्या डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत एक जुना पट होता. त्यातल्या सोंगट्या हळूहळू हरवल्या होत्या. उंट एकही नव्हता, त्यांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची बुचं होती. हत्तींच्या जागी नट होते, सतरा नंबरच्या पान्याला बसणारे. वजीर म्हणजे स्पार्क प्लग. लाकडी, कोरलेले, तोंड आणि आयाळ असलेले असे फक्त चार घोडे उरले होते. ते हातात धरायला बरं वाटायचं. सोड्याच्या बुचानं हल्ला करावा असं कुणाला वाटणार? बूच आपलं मागं पडून राहायचं आणि आम्ही सगळे घोड्यांनीच लढायचो. समोरचाही घोड्यांनीच लढायचा, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नसे. सात वर्षं मी असाच खेळलो आणि असाच जिंकलो.

डॉक्टरांच्या पटावर सगळ्या सोंगट्या शाबूत होत्या. शिसवी आणि पांढऱ्या. उंट बघून मला ओळखीचं काहीच वाटलं नाही.

पंधराव्या खेळीला मला संधी दिसली. घोडा एका घरात उडवला तर तिथून त्यांच्या राजाला शह बसत होता आणि कोपऱ्यातला हत्तीही माऱ्यात येत होता. मी घोडा उडवला.

"शह!" मी म्हणालो.

"बसला का?" मामांनी विचारलं.

"बसला. आता हत्ती जातोय त्यांचा."

"हत्ती!" मामा गुडघ्यांवर उठून बसले. "डॉक्टर, हत्ती गेला तुमचा!"

"जातो की," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी राजा एक घर बाजूला सरकवला. मी हत्ती मारला. मामांनी तो उचलून हातात वजन करून बघितला आणि आपल्या टोपीत ठेवला.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "आता घोडा बाहेर कसा काढणार?"

मी बघितलं. घोडा कोपऱ्यात होता. कोपऱ्यातून घोड्याला दोनच घरं असतात. एकावर त्यांच्या प्याद्याचा पहारा होता आणि दुसऱ्यावर खुद्द राजाचा. घोडा हत्ती खाऊन तिथंच कोंडला होता.

"राहू दे तिथं," मामा म्हणाले, "आत राहून त्रास देईल त्यांना."

तेवढ्यात शालन चहा घेऊन आली. आधी मामांना दिला, मग मला. कप देताना तिनं पटावर एक नजर टाकली आणि माझ्याकडं बघितलं. आमच्या वर्कशॉपात ब्रेक फेल झालेली गाडी ओढून आणतात, तेव्हा तिच्या ड्रायव्हरकडं आम्ही जसं बघतो, तसं बघितलं.

पुढचं लवकर आटोपलं. दुसऱ्या घोड्याला त्यांच्या प्याद्यांनी हाकायला सुरुवात केली. मी त्याला डावीकडं नेला, प्यादं आलं. उजवीकडं नेला, दुसरं प्यादं आलं. मागं घेतला तर तिथं उंट वाट बघत बसला होता. या पळापळीत पाच खेळ्या गेल्या आणि शेवटी घोडाही गेला. तोवर डॉक्टरांची सगळी माणसं बाहेर आली होती. वजीर, दोन्ही उंट, उरलेला हत्ती, सगळे माझ्या राजाच्या दारात जमले. राजा मधल्या घरात उभा, आजूबाजूला हत्ती नि उंट झोपलेले. सव्विसाव्या खेळीला मात झाली.

"संपला?" मामांनी विचारलं.

"संपला," मी म्हणालो.

"मग हा हत्ती?"

"तो आता द्या परत."

मामांनी टोपीतून हत्ती काढून दिला.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "असं खेळायला कुणी शिकवलं?"

मी त्यांना बुचांचं, नटांचं, स्पार्क प्लगचं सगळं सांगितलं. दारामागं कुणीतरी हसल्याचा आवाज आला. डॉक्टरांच्याही मिशा हलल्या. मला वाटलं, झालं, जमलं आता.

मग ते म्हणाले, "घरात किती माणसं आहेत तुमच्या?"

"आठ. आई, वडील, चुलते, आम्ही चार भाऊ आणि थोरली वहिनी."

"आठ. बरं. पाणी कुठून आणता?"

"आडावरून. तीन फर्लांग आहे."

"कोण आणतं?"

"आई आणि वहिनी."

"सरपण?"

"तेही त्याच."

"गुरांचं कोण बघतं? शेण, धारा?"

मी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "तेही घरातल्या बायकाच बघतात. दोघी एकदम वाघीण आहेत कामाला. पहाटेपासून ज्या सुटतात ना डॉक्टर, बघत राहावं नुसतं."

"आणि बाकीचे सहा?"

मामा अभिमानानं म्हणाले, "बाकीचे पुरुष आहेत ना!"

डॉक्टरांनी सोंगट्यांतून माझे दोन घोडे शोधून काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

"मागच्या रांगेत पण आठच असतात," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे. खरं बोलतो, हरला तर तोंड वाकडं करत नाही. पण माझी मुलगी तिथं तिसरा घोडा होईल. मला ही सोयरीक करायची नाही. राग मानू नका."

"अहो, पण तो खेळ झाला," मामा म्हणाले. "खेळात आणि संसारात..."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टरांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि "जेवून जा" म्हणून ते निघून गेले.

आमची अवस्था फार वाईट झाली. नकार मिळाला होता आणि कराडची गाडी पावणेपाचला होती. घड्याळात अडीच वाजले होते. नकार मिळालेल्या घरात सव्वादोन तास काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. शालनच्या आईनं आम्हाला जेवायला वाढलं. मामा चार भाकरी जेवले. नकाराचा त्यांच्या भुकेवर परिणाम झाला नव्हता. जेवून ते भिंतीला टेकले आणि घोरायला लागले.

मी पटासमोर बसून होतो. शालन दारात येऊन उभी राहिली.

"अजून एक डाव खेळता?" ती म्हणाली.

"डॉक्टर तर म्हशीकडं गेलेत."

"माझ्याशी."

मी आत बघितलं. तिची आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खेळा की. गाडीला वेळ आहे अजून."

आम्ही सोंगट्या मांडल्या. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी घोड्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांना कळू दे की मला शिकता येतं. मी उंट काढले. वजीर काढला. हत्तीपुढची प्यादी रेटून हत्तीला वाट केली. सगळे कामाला लावले.

शालन म्हणाली, "घोडे रुसलेत काय?"

"त्यांना विश्रांती दिलीय."

"आण्णांचं एवढं मनावर घेतलंत?"

"त्यांचं बरोबरच होतं."

तिनं आपलं एक प्यादं पुढं सरकवलं. मग म्हणाली, "तुम्हाला घागर उचलता येत नाही का?"

"येते की. मी गाडीचं चाक उचलतो."

"मग?"

"कधी कुणी सांगितलं नाही."

"सांगावं लागतं?"

मी एक उंट हलवला. तो हलवायला नको होता.

राजाला कोपऱ्यात नेऊन हत्तीच्या आड सुरक्षित ठेवतात, त्याला किल्लेकोट म्हणतात. मला आता तो करायचा होता. पण राजा आणि हत्ती यांच्यामध्ये माझा घोडा बसला होता, कारण मी त्याला हलवलाच नव्हता. दुसऱ्या बाजूलाही तीच गत. घोडे आधी सगळीकडं नाचवून हरलो होतो, आता घरात बसवून माझीच वाट अडवली होती.

"इकडून नाही जाता येणार," शालन म्हणाली.

"दिसतंय मला."

"घोडा हलवा की मग. पाप नाही लागत."

"नाही. ठरवलंय मी."

ती हसली. तोंडावर पदर घेऊन नाही, चांगली मोठ्यानं हसली. मामा दचकून जागे झाले आणि "कोण जिंकलं?" म्हणून परत झोपले.

अठराव्या खेळीला तिनं आपला घोडा उचलून माझ्या राजाजवळ ठेवला. शह होता. मी राजाला घर शोधायला लागलो. दोन घरांत माझीच माणसं उभी होती. बाकीच्या घरांवर तिचा वजीर आणि तिचा उंट रोखून बसले होते. एकही घर नव्हतं.

"घोडा वाईट नसतो," ती म्हणाली. "एकट्याला पाठवला की वाईट. माझ्या घोड्याच्या मागं किती जण उभे आहेत बघा."

मी मोजले. चार होते.

बापाकडून सव्वीस खेळ्यांत आणि पोरीकडून अठरा खेळ्यांत, असा मी त्या घरी दोनदा हरलो आणि पावणेपाचच्या गाडीनं परत आलो. वाटेत मामा म्हणाले, "बरं झालं सुटलो. बाई माणसानं एवढं मोठ्यानं हसावं काय!" मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मला ते हसणं परत ऐकायचं होतं आणि ते आता ऐकायला मिळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर उचलली आणि आडावर गेलो. नकार तर मिळालाच होता, त्यामुळं त्यात माझा काही फायदा नव्हता. पण तिनं विचारलेलं डोक्यातून जात नव्हतं. आडावर सोळा-सतरा बायका होत्या. मला बघून त्या रहाट सोडून बाजूला झाल्या. एकीनं विचारलं, "कोण आजारी आहे काय वो घरात?" मी नाही म्हणालो. मग त्यांना वाटलं, मीच आजारी आहे. मी घरी पोचायच्या आत आईला निरोप पोचला होता. आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. वहिनी रडायलाच लागली, तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलं. थोरला भाऊ म्हणाला, "तू हे करायला लागलास तर उद्या आम्हाला करावं लागेल, कळतंय का तुला?" मी म्हणालो, "कळतंय." त्यानं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी वडिलांनी सरपण फोडायला घेतलं, तेव्हा तो माझ्याशी बोलला, पण ते लिहिण्यासारखं नाही.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांचं कार्ड आलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की मला पाठ आहे.

"चि. निवृत्तीस आशीर्वाद. दवाखान्यातून परत आलो तेव्हा तुमची गाडी गेली होती. म्हैस आणि रेडकू दोन्ही सुखरूप. मागाहून कळले की तुम्ही शालनशी एक डाव खेळलात. काय झाले असे मी तिला विचारले. ती म्हणाली, बरोबरीत सुटला. तुम्ही तिच्याशी बरोबरी कराल हे शक्य नाही. मीसुद्धा गेली चार वर्षे तिच्याशी बरोबरी केलेली नाही. माझी मुलगी आजवर माझ्याशी कधी खोटे बोललेली नाही. ती आता बोलली. पंधरा दिवस वाट पाहिली, ती म्हणणे बदलत नाही. यावरून जे समजायचे ते मी समजलो आहे. सोयरीक मान्य आहे. पाण्याचे मात्र लक्षात ठेवावे."

मी कार्ड आईला वाचून दाखवलं. बरोबरीचं तिला काही समजलं नाही. पाण्याचं समजलं.

एक्केचाळीस वर्षं संसार झाला. शालनला जाऊन आता चौदा महिने झाले. ती त्या दिवशी बापाशी खोटं का बोलली, हे मी तिला पुष्कळ वेळा विचारलं आणि दर वेळी तिनं वेगळं सांगितलं. एकदा म्हणाली, "तुमच्या मामांनी हत्ती टोपीत ठेवला, तेव्हाच मी ठरवलं, हे घर बघायचं." एकदा म्हणाली, "साखर मागितली नाहीत म्हणून." मुलं मोठी झाल्यावर त्यांनी विचारलं, तर म्हणाली, "मला सारखं जिंकायची सवय होती, ती मोडायची नव्हती."

शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी मी सहज परत विचारलं. करमणूक म्हणून. ती कुशीवर वळली. मला वाटलं, झोपली.

मग म्हणाली, "डाव संपल्यावर तुमचे मामा चपला शोधायला बाहेर गेले. तुम्ही खाली बसून एकेक सोंगटी डब्यात ठेवत होता. पांढऱ्या एकीकडं, काळ्या एकीकडं. आधीचे तिघं पट तसाच टाकून उठले होते. मीच आवरला होता प्रत्येक वेळी."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं," ती म्हणाली.

मला खरंच आठवत नाही. पण मी माझा स्वभाव ओळखतो. सोंगट्या आवरल्या असतील तर त्या लाजेनं आवरल्या असतील. डॉक्टर कधीही परत येतील आणि अठरा खेळ्यांत पोरीनं केलेली मात त्यांना पटावर दिसेल, म्हणून घाईनं आवरल्या असतील.

हे तिला सांगावं असं एकदा तोंडापर्यंत आलं. तिनं डोळे मिटले होते आणि ती हसत होती. मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि गप्प बसलो.